सिएटलचा पहिला हिवाळा: नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

सिएटलला यायचं ठरलं की सगळे एकच प्रश्न विचारतात: थंडी किती असते? डिसेंबर-जानेवारीत दिवसा साधारण ८ अंश सेल्सिअस आणि रात्री ३ च्या आसपास. हे आकडे ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. मी इथे चौदा हिवाळे काढलेत. इथे माणसाला अडचणीत आणतो तो वारा, पाऊस, वीज नसलेल्या रात्री आणि घाट. थंडीचा नंबर त्यानंतर लागतो. पारा शून्याच्या वर-खाली घुटमळत राहतो, हेच खरं दुखणं आहे. उणे वीसला बर्फ कोरडा आणि भरवशाचा असतो. शून्याला तो संध्याकाळी पाणी असतो आणि पहाटे काच.

या प्रदेशाचा नकाशा मराठी माणसाला एका वाक्यात समजतो. पश्चिमेला समुद्र, मग कोकणासारखी ओली हिरवी पट्टी, मग सह्याद्रीसारखी उत्तर-दक्षिण उभी कॅस्केड पर्वतरांग, आणि पलीकडे पर्जन्यछायेतला कोरडा देश. सिएटलला वर्षाला साधारण ३८ इंच पाऊस पडतो, घाटापलीकडच्या यकिमाला जेमतेम ८. फरक एवढाच की आपला पाऊस जून ते सप्टेंबरचा, तर इथला ऑक्टोबर ते मार्चचा, आणि घाटमाथ्यावर तो बर्फ होऊन पडतो. स्नोक्वॉल्मी घाटात एका मोसमात सरासरी ४०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. हा घाट सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूपासून तासाभराच्याही आत आहे. सकाळी घरी नुसती भुरभुर आणि तासाभरानं समोर पांढरी भिंत, हे इथलं रोजचं चित्र.

पायरी १: इशारे वाचायला शिका

राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर आपला पिन कोड टाका आणि ते पान फोनवर जतन करा. फोनमधल्या तयार अ‍ॅपवरचं ढगाचं चित्र इथे पुरत नाही. इशाऱ्यांचे तीन शब्द मात्र पाठ हवेत. ‘वॉच’ म्हणजे तसं होण्याची शक्यता आहे, तयारीला लागा. ‘अ‍ॅडव्हायझरी’ म्हणजे त्रास होणार, पण बेताचा. ‘वॉर्निंग’ म्हणजे संकट आलंय किंवा दाराशी आहे. नवीन माणसं वॉच आणि वॉर्निंगमध्ये गल्लत करतात, आणि वॉर्निंग लागल्यावर दुकानात निघतात. तेव्हा घराबाहेर पडायचं नसतं.

अंदाजात आणखी दोन गोष्टी बघायच्या. पहिली ‘स्नो लेव्हल’, म्हणजे किती फुटांच्या वर पावसाचा बर्फ होईल. स्नोक्वॉल्मी घाटाचा माथा ३,०२२ फुटांवर आहे, स्टीव्हन्स घाटाचा ४,०६१ फुटांवर. हे दोन आकडे लक्षात असले की अंदाज वाचून स्वतःचा निर्णय स्वतः घेता येतो. सॅमामिश किंवा इसाक्वाच्या टेकड्यांवर घर असेल तर आपली उंचीही माहीत असू द्या. तळ्याकाठी पाऊस आणि तुमच्या अंगणात चार इंच बर्फ असं हमखास होतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची दिशा. वादळं बहुतेकदा दक्षिणेकडून वारा आणतात, आणि इथली झाडं त्या वाऱ्याला सरावलेली असतात. पूर्वेचा वारा सुटला की गणित बिघडतं. त्याबद्दल पुढे सांगते.

पायरी २: ऑक्टोबरात घराची तयारी

आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं शाकारतात तसं हे काम. बाहेरच्या नळाला लावलेली बागेची नळी काढा आणि नळावर फोमचं टोपरं बसवा. चार-पाचशे रुपयांहून कमी पडतं, पण ते नसलं तर भिंतीतला पाइप गोठून फुटतो. घराचा मुख्य पाण्याचा कॉक कुठे आहे तो आजच शोधा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवा. कडाक्याची थंडी पडली की बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालची दारं रात्री उघडी ठेवा आणि नळाची बारीक धार चालू ठेवा.

घरासमोरच्या गटाराच्या जाळीवरची पानं काढा. नोव्हेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात जे चौक तुंबतात, ते निव्वळ मेपलच्या पानांनी.

वीज जाईल असं धरूनच सामान जमवा: डोक्याला लावायचे टॉर्च, फोनसाठी भरलेली पॉवर बँक, बॅटरीवर चालणारा रेडिओ, प्रत्येकी एक जाड पांघरूण, तीन दिवसांची औषधं आणि पाणी. खाण्याचं मराठी घराला सोपं आहे. इथे बहुतेक घरांत विजेची शेगडी असते, म्हणजे वीज गेली की स्वयंपाक बंद. पण दडपे पोह्यांना आच लागत नाही. पातळ पोहे, खोबरं, कांदा, लिंबू, मीठ, आदल्या दिवशी करून ठेवलेली फोडणी. शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, दशम्या. वादळाचा वॉच लागला की मी त्याच संध्याकाळी दशम्या करून घेते, थर्मासमध्ये कढत पाणी भरते आणि गाडी पूर्ण चार्ज करते. गॅरेजचं दार विजेवर चालत असेल तर ते हातानं कसं उघडायचं हेही बघून ठेवा. दाराच्या मोटारीला एक लाल दोरी लटकत असते, ती ओढली की दार मोकळं होतं. हे अंधारात शोधायचं काम नाही.

पायरी ३: वारा सुटला आणि वीज गेली

१९ नोव्हेंबर २०२४ ची रात्र इथलं कोणी विसरणार नाही. समुद्रात एक प्रचंड वादळ झपाट्यानं तीव्र झालं. ते किनाऱ्यावर आलंच नाही, पण त्यानं कॅस्केडच्या पलीकडची हवा घाटांच्या खिंडींतून ओढून घेतली आणि पूर्वेचा वारा बेलव्ह्यू, इसाक्वा, सॅमामिश, रेडमंडवर येऊन आदळला. जमीन पावसानं भिजलेली, मुळं सैल, आणि झाडांना उलट्या बाजूनं मार. सहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. झाडं पडून दोघींचा जीव गेला. त्यातली एक आपल्या घरातच होती.

त्या रात्री माझे आई-बाबा आमच्याकडे होते. साडेसातनंतर आधी लांबून फांद्यांचे कडकड आवाज, मग आकाशात हिरवा-निळा उजेड. बाबांना वाटलं विजा चमकताहेत. ते ट्रान्सफॉर्मर उडत होते. मागच्या अंगणात दीडशे फुटी डग्लस फर आहेत, म्हणून आम्ही वरच्या मजल्यावरच्या खोल्या सोडल्या आणि खाली, झाडांपासून सर्वात लांबच्या बैठकीत गाद्या घातल्या. तुम्हीही हेच करा: वारा असेल तेव्हा झाडांच्या बाजूच्या खोलीत झोपू नका. आमच्या गल्लीत वीज पाचव्या दिवशी आली.

सकाळी बाहेर पडलात आणि वायर पडलेली दिसली, तर किमान ३५ फूट लांब राहा आणि ९११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकाला, फोन करा. ती मेलेली आहे असं कधीच धरू नका. वायर गाडीवर पडली तर मदत येईपर्यंत गाडीतच बसून राहा. सिग्नल बंद असलेला चौक म्हणजे चारी बाजूंनी स्टॉप. प्रत्येकानं थांबायचं आणि क्रमानं जायचं.

आता जे सांगते ते कृपया दोनदा वाचा. १४ आणि १५ डिसेंबर २००६ च्या वादळात वीज गेल्यावर या भागात कित्येक माणसं कार्बन मोनॉक्साइडनं गेली आणि शेकडो आजारी पडली. त्यांत बरीच कुटुंबं बाहेरच्या देशांतून आलेली होती. ऊब मिळावी म्हणून त्यांनी कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात घेतला होता. सिएटलच्या वर्तमानपत्राला तेव्हा पहिल्या पानावर अनेक भाषांत इशारा छापावा लागला. मराठी त्यांत नव्हती, म्हणून इथे लिहिते: कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह, जनरेटर यांपैकी काहीही घरात, गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त बाल्कनीत पेटवायचं नाही. गॅरेजचं दार उघडं असलं तरीही नाही.

आपल्याला यात धोका वाटत नाही, याचं कारण आहे. आपल्या आज्यांनी आयुष्यभर घरात चूल आणि शेगडी पेटवली. पण त्या घराच्या कौलांतून, आढ्यातून, खिडकीच्या फटींतून वारा खेळत होता. इथलं घर ऊब राखण्यासाठी चहूबाजूंनी बंद केलेलं असतं. त्यात निखाऱ्याचा वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. २०२४ च्या वादळात, दुसऱ्या रात्री, नुकत्याच पुण्याहून आलेल्या एका मुलीचा मला फोन आला. घरात पाच महिन्यांचं बाळ. बाल्कनीतली कोळशाची ग्रिल बैठकीत आणून दूध गरम करू का, खिडकी थोडी उघडी ठेवते, असं विचारत होती. तिनं विचारलं, हे आमचं सगळ्यांचं भाग्य. मी तिला घरच्यांसकट आमच्या दुसऱ्या मैत्रिणीकडे पाठवलं. त्या मैत्रिणीकडे वीज होती.

डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच, तर फ्लू समजू नका. सगळे तडक बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. वॉशिंग्टन राज्यात भाड्याच्या घरातही तो कायद्यानं लागतो, तेव्हा नसेल तर घरमालकाकडून हक्कानं बसवून घ्या आणि बटण दाबून वाजतो का ते बघा. जनरेटर वापरायचाच तर उघड्यावर, घरापासून किमान २० फूट लांब, धूर खिडक्यांकडे येणार नाही असा.

गॅसची भट्टी आहे म्हणून घर गरम राहील असंही नाही. तिचा पंखा विजेवर चालतो. गॅसची शेकोटी असेल तर ती विजेविना पेटते का हे घरमालकाला आधीच विचारा. नाहीतर सगळ्यांनी एका खोलीत या, दारांच्या फटींना टॉवेल लावा, टोपी घालून झोपा. फ्रिज उघडला नाही तर चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस. इन्सुलिन असेल तर छोटी थर्मलची पिशवी लागेल.

पायरी ४: शहरात बर्फ पडला तर

शहरात बर्फ क्वचित पडतो, म्हणूनच तो जड जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये विमानतळावर महिनाभरात २०.२ इंच बर्फ नोंदला गेला आणि अख्खं शहर थबकलं. इथे बर्फ हटवायच्या गाड्या मोजक्या, उतार खडे. आठवडाभर गल्ल्या साफ होत नाहीत. अशा दिवशी घरून काम करा. साहेब समजून घेतात, तेही अडकलेलेच असतात. शाळा दोन तास उशिरा भरते किंवा बंद असते, तेव्हा पहाटे साडेपाचला शाळेचा संदेश बघायची सवय लावून घ्या.

बर्फापेक्षा वाईट दोन गोष्टी. एक ब्लॅक आइस: दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि रस्ता नुसता ओला दिसतो. पुलांवर आणि झाडांच्या सावलीत तो आधी धरतो. दुसरी, गोठणारा पाऊस. २३ डिसेंबर २०२२ ला तो पडला तेव्हा विमानतळाच्या धावपट्ट्यासुद्धा बंद कराव्या लागल्या. तो पडत असेल तर दारातल्या टपालपेटीपर्यंतही जाऊ नका. आई-वडील भारतातून आले असतील तर त्यांच्या सकाळच्या फेरफटक्याची वेळ दहानंतरची ठेवा आणि बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे आणून द्या. खुब्याचं हाड मोडणं या वयात साधं दुखणं नसतं.

पायरी ५: नदी आणि समुद्र

हवाईकडून उबदार दमट हवेचा पट्टा आला की इथे त्याला ‘अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर’ म्हणतात. डोंगरावर बर्फाऐवजी पाऊस, साठलेला बर्फही वितळतो, आणि नद्या एका रात्रीत फुगतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये नूकसॅक नदी फुटली आणि कॅनडाच्या सीमेवरचं सुमास गाव पाण्यात गेलं. तुम्ही नदीकाठच्या कार्नेशन किंवा डुव्हॉलकडे स्वस्त घर बघत असाल तर पुराचा नकाशा आधी बघा. रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं. कोकणात फरशीवरून पाणी जाताना थांबलेले आपले एसटीचे चालक आठवा, इथेही तेच करायचं.

समुद्रावर हिवाळ्यात जायचं तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघून जा. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात वर्षातल्या सर्वात मोठ्या भरत्या येतात. २७ डिसेंबर २०२२ ला अशाच भरतीनं सिएटलच्या साउथ पार्क वस्तीत घरांत पाणी शिरलं. उघड्या पॅसिफिकच्या किनाऱ्यावर अख्ख्या झाडांचे ओंडके पडलेले असतात. मुलांना त्यांवर चढायचा मोह होतो. चढू देऊ नका. वीतभर पाण्यातही तो ओंडका तरंगतो, लोळतो आणि माणसाला खाली घेतो. मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर येते, म्हणून समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत.

पायरी ६: घाट

मराठी मंडळी लोणावळ्याला निघावं तशी बर्फ बघायला स्नोक्वॉल्मीला निघतात. जा, जरूर जा, पण नोव्हेंबरातच तयारी करून.

आधी टायर. घाटात ‘मान्यताप्राप्त टायर आवश्यक’ अशी पाटी लागली तर टायरवर एम-एस (चिखल आणि बर्फ) ही अक्षरं किंवा डोंगर-हिमकणाची खूण हवी आणि खाच किमान एक अष्टमांश इंच. मोजायला पट्टी नको. २५ सेंटचं नाणं डोकं खाली करून खाचेत घाला. जॉर्ज वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग रबरात झाकला गेला तर ठीक, दिसला तर टायर बदला. त्यापुढची पाटी ‘चेन आवश्यक’. चेन म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या (ऑल-व्हील ड्राइव्ह) गाडीला योग्य टायर असतील तर बहुतेक वेळा चेन चढवावी लागत नाही, पण गाडीत बाळगावीच लागते. हे अनेकांना माहीत नसतं. गाडी भाड्याची असेल तर करारात चेन लावायला मनाई आहे का ते वाचा.

चेन लावायचा सराव घरासमोर, कोरड्यात, उजेडात करा. मी तो केला नव्हता. पहिल्यांदा लावली ती घाटातल्या डेनी क्रीकच्या पुढे, संध्याकाळी साडेचारला, अंधार पडत असताना. चिखलासारख्या बर्फात गुडघे टेकलेले, लोकरीचे हातमोजे भिजून जड झालेले, आणि दोन हातांवरून ट्रक जाताना अंगावर उडणारं खारट पाणी. आतल्या बाजूची कडी चाकामागे चाचपडून लावायची असते, डोळ्यांना ती दिसत नाही. बोटं बधिर झाली की ती लागत नाही. पाऊण तास गेला. तेव्हापासून गाडीत रबरी हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला जुनी सतरंजी, डोक्याचा टॉर्च आणि चमकणारं जाकीट असतं.

क्रम असा: चेनसाठी राखलेल्या जागेतच थांबा, हँडब्रेक लावा. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच ती लावायची, साध्या गाडीत बहुधा पुढच्या, शंका असेल तर गाडीची पुस्तिका बघा. चाकावर पांघरा, आधी आतली कडी, मग बाहेरची. थोडं पुढे जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. हे शेवटचं टाळलं तर सैल चेन मडगार्ड फोडते. मग ताशी ३० मैलांच्या वर जायचं नाही.

निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक खात्याचं अ‍ॅप उघडून घाटावरचे कॅमेरे बघा. हिमस्खलन रोखण्यासाठी खातं रस्ता थोडा वेळ बंद करून डोंगरावर स्फोट करतं, तेवढं थांबायची तयारी ठेवा. टाकी भरलेली, गाडीत पांघरुणं, पाणी, खाणं, फावडं. कधीकधी प्रकरण तासांवर भागत नाही. जानेवारी २०२२ मध्ये कॅस्केडमधले मुख्य घाट एकाच वेळी बंद होते, आणि स्नोक्वॉल्मी उघडायला काही दिवस लागले. तेव्हा जीपीएस जंगलातला एखादा आडरस्ता दाखवतो. त्या वाटेनं जाऊ नका, परत फिरा किंवा तिथेच मुक्काम करा. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, आणि ऊब घेण्यासाठी इंजिन चालू करण्याआधी धुराड्याभोवतीचा बर्फ उकरून काढा. कार्बन मोनॉक्साइड इथेही आहे.

मुलांना घसरायचं असेल तर घाटमाथ्याजवळ हायकचं स्नो-पार्क, म्हणजे बर्फात खेळायची राखीव जागा, आहे, आधी परवाना काढून जा. महामार्गाच्या कडेच्या उतारावर घसरू देऊ नका. उन्हाळ्यातली ओळखीची वाट हिवाळ्यात ओळखीची राहत नाही. स्नो लेकची वाट ऑगस्टमध्ये आजीसुद्धा चालते, जानेवारीत ती हिमस्खलनाच्या मार्गातून जाते. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलान्च सेंटर रोज पाच पातळ्यांत धोका सांगतं. तिसरी पातळी ऐकायला मधली वाटते, पण आपल्यासारख्यांनी त्या दिवशी उताराखाली जायचं नाही. ताज्या जड बर्फावर पाऊस पडला तर विशेषच. १ मार्च १९१० ला स्टीव्हन्स घाटाजवळ वेलिंग्टन इथे असंच झालं: बर्फात अडकून पडलेल्या दोन आगगाड्या वादळी रात्री दरीत ढकलल्या गेल्या आणि ९६ माणसं गेली. मोठ्या झाडांच्या बुंध्याशीही जाऊ नका. फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो, आणि त्यात डोकं खाली करून पडलेलं मूल स्वतः वर येऊ शकत नाही.

घाट उतरून कोरडा रस्ता लागला की सुरक्षित जागी थांबून चेन लगेच काढा, डांबरावर ती तुटते. घरी आल्यावर गरम पाण्यानं धुऊन मीठ काढा, वर्तमानपत्रावर रात्रभर वाळवा आणि गाडीतच परत ठेवा, सगळ्यात वर, सामानाखाली नव्हे.